नोंदीबाहेरचा वेडेपणा

माझ्या गावाला एका वेड्याचं नाव आहे. हा शब्द मी पूर्ण आदराने लिहिते आहे. भीमेकाठच्या खेडमध्ये २४ ऑगस्ट १९०८ रोजी शिवराम हरी राजगुरू जन्मले, संस्कृत शिकायला काशीला गेले आणि २३ मार्च १९३१ च्या संध्याकाळी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासोबत फासावर चढले. वय होतं २२. घर, नोकरी, म्हातारपणाची सोय असा ताळेबंद मांडणाऱ्या कुणी त्यांची वही तपासली असती, तर जमेच्या बाजूला एक आकडा सापडला नसता. तरी गावाने त्यांचंच नाव घेतलं. तालुका आजही खेडच म्हणवतो, पण एसटीच्या पाटीवर राजगुरुनगर असतं. ताळेबंदात न बसणाऱ्या माणसांचं मोल काय, हा निवाडा आमच्या गावाने कधीच देऊन टाकलेला आहे.

मी ज्या वेडेपणाची स्तुती करायला बसले आहे तो इतका थोर नाही. तो सकाळी सात वाजता डबा घेऊन निघतो, वाकीच्या पुढे ट्रेलरच्या रांगेत अडकतो, चाकणच्या आंबेठाण चौकात घड्याळ बघतो, तळेगाव चौकात पुन्हा बघतो आणि मोशीचा पूल ओलांडेपर्यंत त्याने मनातल्या मनात दिवसाची पाच वेगवेगळी वेळापत्रकं रचून मोडलेली असतात. वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद, दंतवैद्यक अशा कॉलेजांत शिकवणाऱ्यांचा हा वेडेपणा. मी त्यांच्यातलीच एक. सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकवते. मुलं त्याला अजून जुन्या नावाने ‘पीएसएम’च म्हणतात.

हा पुणे-नाशिक रस्ता आम्हाला शोभणारा आहे. त्याच्या एका टोकाला पुणे-पिंपरीची कॉलेजं आणि रुग्णालयं, दुसऱ्या टोकाला नाशिक. तिथे १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि राज्यातली अशी बहुतेक कॉलेजं त्याच्या छत्राखाली येतात. तपासणीसाठी, परीक्षेसाठी, बैठकीसाठी परीक्षक आणि फायली या रस्त्याने वर-खाली होत असतात. राजगुरुनगर मधे बसून दोन्हीकडची रहदारी बघतं. शिक्षकही असाच मधे असतो. एकीकडे विद्यापीठ, एकीकडे रुग्णालय, एकीकडे परिषद किंवा आयोग, एकीकडे कॉलेजचं व्यवस्थापन. प्रत्येकाला तो पूर्ण हवा असतो.

एका साध्या मंगळवारचा हिशेब सांगते. नऊच्या आत हजेरी. साडेनऊला तिसऱ्या वर्षाच्या मुलांची ओपीडीत पोस्टिंग, त्याच वेळी त्याच ओपीडीत रुग्णांची रांग. अकराला एचओडींकडे नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, निकषांपैकी आमच्या वाट्याला आलेल्या निकषाची फाईल. बाराला लेक्चर. दीडला डबा उघडला की एक रेसिडेंट थिसिसचा मास्टर चार्ट घेऊन उभा. तीनला मेंटर-मेंटी बैठक, म्हणजे वाट्याच्या मुलांची विचारपूस आणि तिची नोंद. चारला संसर्ग नियंत्रण समिती. मधल्या फटीत शोधनिबंध, कारण बढतीला तो लागतो. संध्याकाळी घरी सासूबाईंची शुगर, मुलाचं गणित आणि वॉट्सअ‍ॅपवर उद्याच्या इन्स्पेक्शनची कुणकुण.

या घालमेलीला शास्त्रात नाव आहे. अमेरिकेतल्या रॉबर्ट कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये भूमिकेचा संघर्ष आणि भूमिकेची संदिग्धता या दोन गोष्टी ताणाच्या मुळाशी असतात असं मांडलं. आपल्याकडे उदय पारीक यांनी त्याच विचाराची भारतीय कामाच्या जागेशी सांगड घातली आणि भूमिकाताण मोजण्याची एक पट्टी तयार केली. पन्नास विधानं, प्रत्येकापुढे शून्य ते चार यांपैकी एक आकडा लिहायचा, त्यातून दहा प्रकारचे ताण निघतात. एक भूमिका दुसरीच्या आड येणं. एकाच भूमिकेत वर्षानुवर्षं रुतून बसणं. वरचा एक सांगतो आणि दुसरा त्याच्या उलट मागतो, ते. आपल्या हातचं काम दुसऱ्याकडे गेल्याची बोच. कामाचा ढीग. एकटं पडणं. आपण कमी पडतोय असं वाटणं. मनाला जे पटतं आणि जे करावं लागतं त्यांत पडलेलं अंतर. नक्की अपेक्षा काय तेच न कळणं. आणि साधनांची चणचण.

ही दहाची यादी मी दर वर्षी मुलांना शिकवते. फळ्यावर लिहिताना खडू एकेका ओळीवर थांबतो, कारण प्रत्येक ओळीला माझ्या ओळखीचा चेहरा आहे.

इतका ताण असताना शहाण्या माणसाने काय करावं हेही ठरलेलं आहे. ज्याची नोंद होते ते आधी करावं, ज्याची नोंद होत नाही ते सोडून द्यावं. हा सल्ला वाईट माणसांनी दिलेला नाही. मला तो माझ्यावर माया असलेल्या वरिष्ठ मॅडमनी दिला होता. “तब्येत सांभाळ, बाई” असं म्हणून. पण माझ्या आजूबाजूला काही शिक्षक आहेत, ज्यांना हा सल्ला कळतो, पटतो आणि तरी पाळता येत नाही.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्या समासात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि दहाव्या समासात पढतमूर्खाची. मूर्खाला कळत नाही. पढतमूर्खाला सगळं पाठ असतं आणि वागणं तेवढं उलटं असतं. मला दिसणारा वेडा या दोघांहून वेगळा आहे. खरं काम कोणतं ते त्याला कळतंही आणि तो कळल्याप्रमाणे वागतोही. फरक इतकाच की, त्याचा तोटा कशात आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि तो ते पत्करतो. अशा जाणत्या वेड्यांची लक्षणं मी वीस वर्षं जमवली आहेत. त्यातली चार सांगते.

पहिलं लक्षण: हा वेडा गर्दीच्या ओपीडीत एक जास्तीचा प्रश्न विचारतो.

चाकण-महाळुंगेच्या पट्ट्यातून येणारा पंचविशीतला मुलगा समोर बसलेला असतो. बीडकडचा नाहीतर बिहारचा, कंत्राटी, पित्ताची तक्रार घेऊन आलेला. बाहेर रांग आहे. पित्ताची गोळी लिहायला अर्धं मिनिट लागतं. आमचे एक सर त्या क्षणी पेन खाली ठेवतात आणि भोवती उभ्या मुलांना सांगतात, “विचारा त्याला, काम काय करतो. शिफ्ट कोणती.” मुलं विचारतात. मग बाहेर येतं की, दर आठवड्याला शिफ्ट बदलते, रात्रपाळीत एकदाच जेवण होतं, खोलीत सहा जण पाळीपाळीने झोपतात, आणि प्रेस मशीनवर काम करताना डुलकी लागते म्हणून तो दिवसाला दहा चहा पितो. पित्त कुठून आलं ते मुलांना कळतं. त्याहून मोठी गोष्टही कळते: प्रेससमोर डुलकी लागणाऱ्या माणसाची बोटं धोक्यात आहेत आणि ती पित्ताच्या गोळीने वाचणार नाहीत.

हा प्रश्न जुना आहे. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या प्राध्यापकाने १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितलं की, रुग्णाला जे प्रश्न विचारता त्यांत आणखी एक घाला: तू काम काय करतोस? तीनशे वर्षांपूर्वीचा तो प्रश्न आज पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याइतका दुसरीकडे क्वचितच लागू पडत असेल. पण तो विचारायला पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं रुग्णसंख्येच्या तक्त्यात घट म्हणून दिसतात. रुग्णाचा डॉक्टर आणि मुलांचा शिक्षक या दोन भूमिका एकाच खुर्चीवर बसलेल्या असतात, आणि पारीकांच्या यादीतली पहिली ओळ इथे रोज जिवंत होते. शहाणा माणूस एकीला उठवतो. आमचे सर दोघींना बसू देतात आणि स्वतः दोन वाजता जेवतात.

दुसरं लक्षण: हा वेडा न पाहिलेल्या कामावर सही करत नाही.

२०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. कल्पना उत्तम आहे: मुलाने नुसतं पाठ करून उपयोग नाही, त्याला हाताने करता आलं पाहिजे, आणि त्याने ते केलेलं शिक्षकाने डोळ्यांनी पाहून लॉगबुकात सही केली पाहिजे. शंभर-दीडशे मुलांची तुकडी, प्रत्येकाची कौशल्यं अनेक, आणि पाहणारे डोळे मोजके. वर्ष संपत आलं की लॉगबुकांचे गठ्ठे टेबलावर येतात. गठ्ठा संपवायचा तर एका बैठकीत संपतो. पेन चालत राहिलं की झालं.

आमच्या एका मॅडम तो गठ्ठा उचलून स्किल लॅबमध्ये घेऊन जातात. तिथे सीपीआरसाठी पुतळ्याच्या छातीवर एकेका मुलाकडून दाबून घेतात आणि तोंडाने ठोके मोजतात. छाती पुरेशी खोल दाबली गेली नाही तर पुन्हा. संध्याकाळचे सहा वाजतात, सफाईच्या मावशी दारात झाडू घेऊन थांबतात. एकदा एका मुलाने चिडून विचारलं, “मॅम, बाकीच्या डिपार्टमेंटमध्ये तर लगेच होतं.” मॅडमनी त्याला उत्तर दिलं, “तुझ्या आईच्या छातीवर दाबायची वेळ आली तर तेव्हा तिथे कोण असावं असं तुला वाटतं? मी सही केलेलाच असेल ना तो?” मुलगा परत पुतळ्याकडे वळला.

त्या मॅडमचा शोधनिबंध त्या वर्षी राहिला. बढती पुढे गेली. त्यांनी तक्रार केली नाही, पण दुःख झालं नाही असंही नाही. ते मी पाहिलं आहे. वेडेपणाची स्तुती करताना त्याचं दुःख लपवणं हा खोटेपणा होईल.

तिसरं लक्षण: हा वेडा दुसऱ्याचं म्हटलं जाणारं काम स्वतःच्या हाताने करून दाखवतो.

नर्सिंगच्या ट्यूटरकडे बघा. वॉर्डात स्टाफ कमी असला की तिच्या विद्यार्थिनींकडे कामाला आलेले हात म्हणून पाहिलं जातं, आणि ट्यूटरकडे त्या हातांची मुकादम म्हणून. कॉलेज विचारतं, अभ्यासक्रम किती झाला. वॉर्ड विचारतो, आज किती मुली पाठवता. दोघांना उत्तर देताना तिच्या वाट्याला शिकवणं उरतच नाही. आमच्या रुग्णालयात एक ट्यूटर आहेत. मुली त्यांना ‘ताई’ म्हणतात. पक्षाघाताने पडून असलेल्या आजोबांची कूस बदलायची होती. त्यांनी सगळ्या मुलींना पलंगाभोवती उभं केलं, स्वतः आजोबांच्या पाठीखाली हात घातला, आणि पाठीवर लाल झालेली जागा दाखवत म्हणाल्या, “इथून सुरुवात होते. आज लाल आहे. उद्या फोड. परवा खड्डा. दोन-दोन तासांनी कूस बदलली तर होत नाही.” मग आजोबांना म्हणाल्या, “बाबा, तुमच्या पाठीने आज आठ मुली शिकल्या.” आजोबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी चांगला असलेला हात उचलला.

कूस बदलण्याचं काम पुस्तकात दोन ओळींचं आहे. त्या दोन ओळींवर एका माणसाची पाठ टिकते. ही गोष्ट जिला हाताने कळली ती मुलगी कुठेही जावो, मुंबईला, आखातात नाहीतर इंग्लंडात, तिच्या वॉर्डातल्या पाठी शाबूत राहतील.

या वेडाचं घराणं आमच्याच जिल्ह्यातलं आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ पसरली तेव्हा सावित्रीबाई फुले पासष्टीच्या आसपास होत्या. त्या शिक्षिका. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांचा दवाखाना गावाबाहेर. मुंढव्याहून एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून त्या दवाखान्यात आणलं आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. शिक्षिकेने कुठपर्यंत शिक्षिका राहावं आणि कुठून परिचारिका व्हावं, हा प्रश्न त्यांना पडला असेल असं मला वाटत नाही. आज आपण ज्याला भूमिकांचा संघर्ष म्हणतो तो त्यांच्यापुढे उभा होता. पाठीवर मूल घेऊन त्या त्यातून चालत गेल्या.

चौथं लक्षण: हा वेडा गावात गेला की लवकर परत येत नाही.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने सांगितलं होतं की, डॉक्टरला समाज ओळखता आला पाहिजे. आता २०२१-२२ च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या मुलांनी गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची आणि पुढची वर्षं त्यांच्याशी संबंध ठेवायचा, असा नियम आहे. बस निघते, मुलं उतरतात, फॉर्म भरतात, फोटो निघतो, बस परतते. नियमाला एवढं पुरतं.

एकदा आमच्या बसमधली एक मुलगी एका आजींच्या घरात अडकली. फॉर्मवर ‘मधुमेह: आहे, औषध: चालू’ एवढं लिहून झालं होतं. मी म्हटलं, गोळ्या बघ. आजींनी डबा आणला. पाकिटं भरलेलीच होती. मुलगी म्हणाली, “आजी, गोळ्या घेत नाही का?” आजी म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, जेवल्यावर घ्यायच्या सांगितल्यात. मी दुपारी जेवतच नाय. सून रानात, मला चूल पेटवता येत नाय.” प्रश्न गोळीचा नव्हता, दुपारच्या भाकरीचा होता. मग आशाताईंना बोलावलं, सुनेची वाट पाहिली, सकाळची भाकरी झाकून ठेवायची आणि गोळीची वेळ बदलायची असं ठरलं. तोवर बस पाऊण तास थांबली, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला आणि कॉलेजातली माझी तीनची बैठक बुडाली. बैठकीतली माझी गैरहजेरी अचूक नोंदली गेली.

त्या मुलीने पुढे मला लिहून दाखवलं ते माझ्या शिकवण्याच्या वर्षांतलं सगळ्यात नेमकं टिपण होतं: रुग्ण औषध घेत नाही असं लिहिण्याआधी त्याच्या घरात चूल कोण पेटवतं ते विचारावं.

भीमा इथून खाली वाहत शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी तिथे सत्तरच्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच बाया-माणसांना शिकवून त्यांच्या हातात आरोग्याची पहिली राखण दिली. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुण्यातलं मोठं रुग्णालय चालवणाऱ्या बाईने खेड्याची वाट धरणं त्या काळातही सोयीचं नव्हतं. गावात जास्तीचा पाऊण तास थांबणाऱ्याला आमच्या नदीकाठी अशी वाट आधीच मळलेली सापडते.

ही चार लक्षणं. यांत कुठे चमत्कार नाही. एक प्रश्न, एक नाकारलेली सही, एक बदललेली कूस, एक झाकून ठेवलेली भाकरी. यांतली एकही गोष्ट कुठल्याही रकान्यात बसत नाही, आणि यांतली एकही काढली तर वैद्यकशिक्षणात जे उरतं ते मला कुणाच्या अंगावर सोडायला आवडणार नाही.

रकाने उगीच आलेले नाहीत, हेही मला सांगायचं आहे. इन्स्पेक्शनच्या दिवसापुरते उभे राहणारे कागदी शिक्षक या देशाने पाहिले. पगारपत्रकावर नाव, वॉर्डात पत्ता नाही. त्यांच्या नावावर जागा मंजूर झाल्या आणि मुलं शिक्षकाविना डॉक्टर झाली. म्हणून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने आधारशी जोडलेली हजेरी आणली, कामाच्या दिवसांपैकी ७५ टक्के हजेरी सक्तीची केली, आणि १ मे २०२५ पासून फोनवर चेहरा आणि ठिकाण दोन्ही पाहून हजेरी लागू लागली. या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. खोट्या शिक्षकाला पकडणारं यंत्र हवंच. मात्र ते यंत्र शिक्षक आला की नाही एवढंच सांगतं. तो आल्यावर शिकवतो का, हे आजही त्या शिक्षकाच्या वेडेपणावरच सोपवलेलं आहे. इतकी मोठी व्यवस्था इतक्या नाजूक गोष्टीवर उभी असेल, तर त्या गोष्टीची काळजी घेणं हे व्यवस्थेचं पहिलं काम ठरतं.

कारण वेडेपणाला शरीर असतं. चाकणच्या संग्रामदुर्गात १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी शाहिस्तेखानाच्या फौजेला जवळपास दोन महिने रोखून धरलं. त्या किल्ल्याच्या उरल्यासुरल्या भिंतींजवळून मी रोज जाते आणि रोज अभिमान वाटतो. पण त्या लढाईचा शेवटही मला माहीत आहे. किल्ला पडला. मूठभर माणसांचं शौर्य हे कुमक न पाठवण्याचं कारण कधीच होऊ शकत नाही.

माझ्या ओळखीच्या या वेड्यांपैकी एकाला चाळिशीत रक्तदाब लागला. एकीची झोप गेली. एकजण चांगलं शिकवता शिकवता एका सकाळी वर्गात बोलायचे थांबले, दोन मिनिटं फळ्याकडे बघत राहिले आणि सुट्टीवर गेले. परत आल्यावर ते प्रश्न विचारेनासे झाले. मला त्यांच्या रक्तदाबापेक्षा त्या शेवटच्या गोष्टीने जास्त भीती वाटली. २०२४ मध्ये आयोगाच्या राष्ट्रीय कृतिदलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्याच्या पाहणीत ७,०३५ अध्यापकांनीही उत्तरं दिली. मुलांचा ताण मोजायला बसलेल्यांना शिक्षकांनाही विचारावंसं वाटलं, हे योग्यच झालं. थकलेल्या शिक्षकासमोर मुलं जे शिकतात ते अभ्यासक्रमात नसतं: रुग्णाकडे न बघता केसपेपर कसा लिहायचा, ते.

म्हणून स्तुतीसोबत मागणंही मांडते. रिकाम्या जागा भराव्यात. वर्षानुवर्षं कंत्राटावर ठेवलेल्या ट्यूटरना कायम करावं, म्हणजे त्यांना पुढच्या वर्षीच्या नोकरीची चिंता करत आजची कूस बदलावी लागणार नाही. प्रत्येक विभागाला कागद सांभाळणारा एक माणूस द्यावा. नॅकची फाईल लावायला एमडी लागत नाही. रुग्णाच्या पलंगाशेजारी शिकवलेला तास कामाचा तास म्हणून मोजावा, आणि बढतीच्या वेळी त्याला शोधनिबंधाइतकं वजन द्यावं. एका शिक्षकाला एका दिवशी एकानेच काम सांगावं. आणि एचओडींनी महिन्यातून एकदा दार लावून, फाईल न उघडता, आपल्या माणसांना विचारावं की, तुम्हाला झेपतंय का. यांतल्या बऱ्याच गोष्टींना पैसे लागत नाहीत. शेवटच्या गोष्टीला फक्त दार लागतं.

हे सगळं मिळालं तरी वेडेपणाची गरज संपणार नाही, हे मी जाणून आहे. उत्तम चालणाऱ्या कॉलेजातही कुणीतरी पेन खाली ठेवून एक जास्तीचा प्रश्न विचारावा लागेलच. मला एवढंच हवं आहे की, तो विचारणाऱ्याला त्या दिवशी जेवायला मिळावं.

परवाची गोष्ट सांगून थांबते. संध्याकाळी साडेपाचला मी फोनसमोर चेहरा धरला, बाहेर पडल्याची नोंद झाली. पायऱ्या उतरताना एक इंटर्न धावत आला. सकाळी पाहिलेल्या टीबीच्या रुग्णाने औषध घेणार नाही म्हणून सांगितलं होतं. गोळ्यांनी लघवी लाल होते, रक्त जातंय, असं त्याचं म्हणणं. इंटर्नने सांगून पाहिलं, माणूस ऐकेना. मी घड्याळ पाहिलं. आता निघाले तर चाकणची कोंडी व्हायच्या आत पार होता येत होतं. मी वळले.

तो माणूस पलंगाच्या कडेला पिशवी भरून बसला होता. कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये फॅब्रिकेशनचं काम करणारा. मी स्टूल ओढलं, इंटर्नला शेजारी बसवलं आणि आधी त्याच्या बायको-मुलांची विचारपूस केली. मग रिफॅम्पिसिनचा रंग कसा अंगातून बाहेर पडतो ते सांगितलं. “लाल दिसतंय म्हणजे गोळी पोटात जाऊन काम करतीये,” म्हटलं. तो इंटर्नकडे वळून म्हणाला, “हे असं सांगायचं ना, डॉक्टर.” मी उत्तर दिलं नाही, कारण इंटर्न वहीत लिहीत होता.

वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत नोंदीप्रमाणे मी कॉलेजात नव्हते, घरीही पोचले नव्हते. त्या माणसाने पिशवीतले कपडे काढून पुन्हा उशाशी ठेवले.